एक यंत्र, हजार खिडक्या

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुधा त्याच्या वेगाची गोष्ट सांगतो. अमुक यंत्र सेकंदाला इतक्या बेरजा करायचे, तमुक यंत्र त्याच्या हजारपट. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी गोष्ट ऐकण्याची आहे. एका जागी बसलेले यंत्र दूरदूरच्या गावांत बसलेल्या हजारो माणसांचे एकाच वेळी ऐकायला कसे शिकले, कोणाला आधी बोलू द्यायचे, कोणाला थांबवायचे, किती लक्षात ठेवायचे आणि किती विसरायचे, हे नियम कसे ठरत गेले, ही ती गोष्ट. रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी, बँकेचा काउंटर, विमानाचे तिकीट, विजेच्या बिलाची तक्रार या साऱ्यांच्या मागे तीच उभी आहे.

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तोही साहित्य घेऊन. या विषयात मला ओढले ते माझ्या भाच्याने. तो पुण्यात एका कंपनीत परदेशी बँकांच्या मेनफ्रेमवर काम करतो. मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांचे सारे हिशेब सांभाळणारा मध्यवर्ती संगणक. त्याच्या पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी अक्षरे होती. चित्र नाही, रंगीबेरंगी बटणे नाहीत. मी विचारले, "अरे, हे यंत्र एवढ्या लोकांशी एकदम बोलतं तरी कसं?" तो म्हणाला, "मामू, ते एकदम बोलतच नाही. ते एकेकाला विचारतं." त्या एका वाक्याचा धागा धरून मी वाचत गेलो. जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात करावी लागते अमेरिकेतून, आणि तीही विमानाच्या तिकिटापासून. विमानातली जागा हा मोठा विचित्र माल आहे. भाजी संध्याकाळी निम्म्या भावाने तरी जाते. विमान धावपट्टीवरून उठले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. उलट, एकच खुर्ची दोघांना विकली तर विमानतळावर तमाशा. म्हणजे विक्रेत्याला प्रत्येक क्षणी अचूक ठाऊक हवे की किती जागा उरल्या. पण विक्रेता एक नाही. शेकडो विक्रेते, शेकडो गावांत.

१९३० च्या दशकात पद्धत साधी होती. ज्या गावातून विमान सुटायचे, त्या गावी त्या विमानाची वही. दुसऱ्या गावच्या कारकुनाने फोन किंवा तारेने विचारायचे, 'जागा आहे का?' आणि उत्तराची वाट पाहायची. धंदा वाढला तेव्हा दुसरी पद्धत आली. सर्वांनी खुशाल विकत राहायचे आणि विकल्याचे कळवत राहायचे. जागा संपत आल्या की मुख्यालयाने 'आता थांबा' असा निरोप सगळीकडे धाडायचा. तो निरोप पोचेपर्यंत आणखी विक्री होणार हे गृहीत धरून काही जागा राखून ठेवायच्या. आरक्षणाच्या मोठ्या दालनात भिंतीवर भलामोठा फळा असे, त्यावर कोणते विमान भरले, कोणते मोकळे हे लिहिलेले. आणि खाली टेबलांच्या रांगांत फोन कानाला लावलेले कारकून.

अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९४६ मध्ये 'रिझर्व्हायझर' नावाचे विजेवर चालणारे यंत्र बसवले आणि १९५२ मध्ये त्याची सुधारलेली, चुंबकीय ड्रमवर नोंदी ठेवणारी आवृत्ती. कारकुनाने आपल्या टेबलावरून विचारले की जागा आहे की नाही ते कळे. मात्र या यंत्राला जागांची संख्या कळत होती, माणसांची नावे नाही. नाव, फोन, कुठून कुठे हे सारे अजून कार्डांवर हातानेच लिहिले जाई. संख्या एकीकडे, माणूस दुसरीकडे. एक आरक्षण पूर्ण व्हायला सरासरी ९० मिनिटे लागत.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन प्रवासी शेजारी बसले. दोघांचेही आडनाव स्मिथ. एक सी. आर. स्मिथ, अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष. दुसरे आर. ब्लेअर स्मिथ, आयबीएमचे विक्री अधिकारी. आडनावावरून गप्पा निघाल्या आणि तिकिटांच्या डोकेदुखीपर्यंत पोचल्या. योगायोगाच्या कथा इतिहासात नेहमीच थोड्या गोड करून सांगितल्या जातात. पण ही बीज पडायला योग्य जमीन आधीच तयार होती, हे महत्त्वाचे. आयबीएम त्याच सुमारास अमेरिकी हवाई दलासाठी 'सेज' नावाच्या यंत्रणेवर काम करत होती. शत्रूची बॉम्बफेकी विमाने आली तर ती लगेच कळावीत म्हणून दूरदूरची रडार केंद्रे टेलिफोनच्या तारांनी संगणकाला जोडायची आणि पडद्यासमोर बसलेल्या सैनिकांनी त्या संगणकाशी तिथल्या तिथे संवाद साधायचा, अशी ती योजना. तिचे पहिले केंद्र १९५८ मध्ये सुरू झाले. दूरच्या तारा, एक यंत्र, अनेक पडदे, आणि उत्तर उद्या नव्हे तर आत्ता, हे सारे शीतयुद्धाच्या भीतीतून जन्मले. ते नागरी जीवनात आले ते खुर्च्या विकण्यासाठी.

१९५९ मध्ये दोन्ही कंपन्यांचा हा प्रकल्प आकाराला आला. नाव 'सेबर'. न्यूयॉर्कच्या उत्तरेला ब्रायरक्लिफ मॅनर या गावी आयबीएमचे दोन ७०९० संगणक बसवले. एक काम करणारा, दुसरा त्याच्या पाठीशी तयार उभा. पहिला बंद पडला तर दुसऱ्याने सूत्रे घ्यायची. ही सावधगिरीही 'सेज'कडूनच आलेली. १९६४ च्या अखेरीस कंपनीचे सारे आरक्षण या यंत्रावर आले. साठहून अधिक शहरांतील सुमारे १,५०० टर्मिनल टेलिफोनच्या तारांनी जोडलेली होती आणि ९० मिनिटांचे काम काही सेकंदांवर आले होते. खर्च सुमारे ४ कोटी डॉलर. हे काम फक्त इथेच चालले होते असे नाही. कॅनडातील ट्रान्स-कॅनडा एअर लाइन्सची 'रिझर्व्हेक' ही यंत्रणा १९६३ मध्येच पूर्णपणे कामाला लागली होती. पण पुढे जो राजमार्ग झाला, तो सेबरच्या पायवाटेचा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दीड हजार माणसे एका यंत्राशी बोलणार कशी?

पहिली अडचण पैशांची होती. प्रत्येक टर्मिनलला केंद्रापर्यंत स्वतंत्र तार द्यायची म्हटले तर टेलिफोन कंपनीच्या भाड्यातच दिवाळे निघाले असते. म्हणून एकाच तारेवर अनेक टर्मिनल बसवावी लागत. जुन्या वाड्यात एकाच नळावर दहा बिऱ्हाडे असायची, तसे. पण नळावर दोन घागरी एकदम लावता येत नाहीत, आणि तारेवर दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द मिसळून कोणाचेच काही कळत नाही. तेव्हा शिस्त हवी.

ती शिस्त अशी ठरली. टर्मिनलने आपणहून बोलायचे नाही. प्रत्येकाला एक पत्ता, म्हणजे एक-दोन अक्षरांची खूण. केंद्र क्रमाने एकेकाला हाक मारणार, 'तुला काही सांगायचे आहे का?' नसेल तर दोन-चार अक्षरांत 'नाही' म्हणायचे आणि केंद्र पुढच्याकडे वळणार. असेल तर आपला निरोप पाठवायचा. उलट केंद्रालाच एखाद्याला काही सांगायचे असेल तर तेही आधी विचारणार, 'तुझ्यासाठी निरोप आहे, घ्यायला तयार आहेस?' होकार आला की मगच पाठवणार. प्रत्येक निरोपाच्या शेवटी पडताळ्याची अक्षरे असत. मजकुरावरून काढलेला आकडा त्यांच्याशी जुळला नाही, तर वाटेत काही बिघडले असे समजून 'पुन्हा सांग' म्हणायचे. या पद्धतीला संगणकाच्या भाषेत पोलिंग म्हणतात. शाळेतल्या हजेरीसारखे हे आहे. फक्त ही हजेरी दिवसरात्र, न थकता, पुन्हा पुन्हा घेतली जाते.

मला मात्र हजेरीपेक्षा मुशायरा आठवतो. जुन्या मुशायऱ्यात एक शमा असे. ती ज्याच्यापुढे ठेवली जाई त्याने आपला कलाम पेश करायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. कितीही मोठा शायर असो, शमा समोर आल्याशिवाय तो तोंड उघडत नसे. आणि कितीही नवखा असला तरी ती त्याच्यापुढे आली की मैफल त्याची. पोलिंगचे तत्त्व नेमके हेच. शमा फिरती राहिली पाहिजे, आणि ती कोणाला वगळून पुढे जाता कामा नये.

पण सतत विचारत राहण्यालाही किंमत असते. बहुतेक वेळा उत्तर 'काही नाही' हेच येते, आणि ते ऐकण्यात महागड्या मोठ्या यंत्राचा वेळ का घालवायचा? म्हणून दारात एक वेगळे, लहान यंत्र बसवण्याची पद्धत रूढ झाली. आयबीएमचे १९७२ चे ३७०५ हे अशा यंत्रांतले प्रसिद्ध नाव. दरबाराच्या दारावर भालदार उभा असावा तसे हे यंत्र. कोण आले, काय म्हणतो, शब्द नीट ऐकू आले का, हे त्याने पाहायचे आणि पूर्ण, शुद्ध निरोप तेवढा आत द्यायचा. मोठ्या यंत्राने हिशेब करायचा, दारावरच्याने पाहुणे सांभाळायचे.

दुसरे मोठे पाऊल टर्मिनलच्या बाजूने पडले. १९७१ मध्ये आयबीएमने ३२७० या मालिकेचे पडदे जाहीर केले. त्याच्या मोठ्या पडद्यावर २४ ओळी, प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरांची जागा. माझ्या भाच्याच्या पडद्यावरची हिरवी अक्षरे याच घराण्यातली. याची खुबी अशी की तुम्ही एकेक कळ दाबता ती दूरच्या यंत्राला कळतच नाही. तुम्ही नाव लिहा, खोडा, पुन्हा लिहा, चहा प्या, शेजाऱ्याशी बोला. सारे इथल्या इथे. केंद्राने पाठवलेला कोरा अर्ज तुमच्यासमोर असतो आणि तो भरून झाला की तुम्ही एंटर दाबता. त्यानंतरच, आणि तेही तुमची पाळी आली की, भरलेला मजकूर तारेवर जातो. सगळा पडदाही नाही. अर्जातले जे रकाने तुम्ही बदलले तेवढेच. तारेवरचे प्रत्येक अक्षर मोलाचे होते, म्हणून ही काटकसर.

एंटर दाबताच आणखी एक गोष्ट होते. कळफलक कुलूपबंद होतो. उत्तर येईपर्यंत तुम्हाला एक अक्षरही उमटवता येत नाही. तुम्ही बोललात, आता ऐका. आमच्या साहित्यिक चर्चांना असे कुलूप असते तर किती बरे झाले असते, असे मला हे वाचताना वाटून गेले.

आता दरबाराच्या आत जाऊ. निरोप आत आला, पुढे काय? इथे सेबरनंतरचे दुसरे नाव येते, सीआयसीएस. इंग्लंडमध्ये त्याला लाडाने 'किक्स' म्हणतात. हा विमानांसाठी नव्हे, तर वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी जन्मला. ग्राहक फोन करतो, 'माझे बिल एवढे कसे आले?' आणि खिडकीवरच्या माणसाला त्याचे खाते तत्काळ समोर हवे असते. म्हणूनच नावाचा अर्थ 'ग्राहक माहिती नियंत्रण प्रणाली'. १९६८ मध्ये तयार झालेली ही प्रणाली १९६९ मध्ये आयबीएमने सर्वांसाठी विक्रीला काढली. बँका, विमा कंपन्या, दुकाने, सरकारी खाती, सर्वांनी ती उचलली. १९७४ मध्ये तिच्या विकासाचे काम अमेरिकेतून इंग्लंडमधील हर्स्ली या गावी गेले.

सीआयसीएसजवळ एक तक्ता असतो. त्यात जोडलेल्या प्रत्येक टर्मिनलची नोंद, चार अक्षरांच्या नावाने. कोणते टर्मिनल, कुठल्या तारेवर, कुठल्या जातीचे, आत्ता बोलते आहे की गप्प आहे. खिडकीवरचा कारकून पडद्यावर चार अक्षरांचा संकेत लिहितो. त्यावरून कोणते काम करायचे ते प्रणालीला कळते. ती त्या कामाचा कार्यक्रम उचलते, चालवते. कार्यक्रमाला डिस्कवरून काही वाचायचे असेल तर त्यात काही क्षण जातात. तेवढ्यात ती दुसऱ्या टर्मिनलचे काम पुढे सरकवते. आपल्याकडच्या उडप्याच्या हॉटेलातला स्वयंपाकी एका तव्यावर डोसा पसरवून तो होईपर्यंत दुसऱ्या ताटात चटणी घालतो, तसे. कोणालाही आपण एकटेच गिऱ्हाईक आहोत असे वाटावे.

पण खरी कल्पकता पुढे आहे. यंत्राचे काम हजारांश सेकंदांत होते. माणसाचे काम मिनिटांत. पडद्यावर उत्तर आले की माणूस ते वाचणार, खिडकीबाहेरच्या गिऱ्हाइकाला विचारणार, 'खालचा बर्थ नाही, वरचा चालेल?' गिऱ्हाईक बायकोकडे पाहणार. या दोन मिनिटांत यंत्राने काय करायचे? त्या काळच्या यंत्रांची मुख्य स्मृती काही शेकडो किलोबाइटची. आज आपण मोबाइलवर काढतो त्या एका फोटोलाही अनेकदा त्यापेक्षा जास्त जागा लागते. विचार करणाऱ्या प्रत्येक माणसासाठी आपला कार्यक्रम स्मृतीत थोपवून धरायचा म्हटले, तर पाचपन्नास माणसांतच यंत्र भरून जाईल.

म्हणून उपाय निघाला तो विसरण्याचा. पडदा पाठवला की काम संपले. कार्यक्रम बंद, जागा मोकळी. मागे राहते ती फक्त एक छोटी चिठ्ठी: या टर्मिनलवर अमुक काम इथवर आले होते, पुढचा निरोप आला तर तमुक कार्यक्रम उचलायचा. माणूस दोन मिनिटांनी एंटर दाबतो, प्रणाली चिठ्ठी वाचते आणि जणू काही संवाद अखंड चालूच होता अशा थाटात पुढे बोलू लागते. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही विचार करत असता तेव्हा आमचं मशीन तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. तुम्ही बोललात की तेवढ्यापुरतं ओळखतं." त्यांच्या परिभाषेत याला 'आभासी संवाद' अशा अर्थाचे नाव आहे. आज आपण वेबसाइटवर जे पान मागून पान पाहतो, त्यातही पुष्कळदा हीच युक्ती दिसते: सर्व्हर प्रत्येक विनंती वेगळी धरतो आणि ओळखीची चिठ्ठी जवळ बाळगतो.

या विसरण्यातून एक पेच मात्र उभा राहतो, आणि तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे. समजा एकच जागा उरली आहे. दोन गावांतल्या दोन खिडक्यांवर एकाच क्षणी तिची चौकशी झाली. दोन्ही पडद्यांवर 'एक जागा शिल्लक' असे उमटले. दोन्ही उत्तरे खरीच आहेत. आता दोन्हीकडची माणसे विचार करत आहेत. पहिल्याचा विचार संपेपर्यंत ती जागा कुलूप लावून ठेवावी, तर तो चहाला गेला तेव्हा दुसऱ्याने काय करायचे? कुलूप लावू नये, तर दोघांना एकच खुर्ची. तोडगा असा की चौकशीच्या वेळी कुलूप लावायचेच नाही. खरेदीचा निरोप आला की त्या क्षणी मूळ नोंद पुन्हा वाचायची, जागा अजून आहे का ते पाहायचे, आणि त्या काही क्षणांपुरतेच कुलूप लावून ती द्यायची. ज्याचा निरोप आधी पोचला त्याची जागा. म्हणजे पडद्यावर दिसते ते नेहमी मागच्या क्षणाचे सत्य असते. 'आता तर उपलब्ध दाखवत होते' असे आपण ऑनलाइन तिकीट काढताना कळवळून म्हणतो, तेव्हा यंत्र खोटे बोललेले नसते. ते फक्त जुने झालेले असते.

दुसरा पेच याहून नाजूक. तुम्ही खरेदीचा निरोप पाठवला आणि तार तुटली. काम झाले की नाही? तुमचा निरोप वाटेत हरवला, की काम होऊन उत्तर हरवले? खिडकीवरून दोन्ही सारखेच दिसते. म्हणून या प्रणालींनी रोजकीर्द ठेवायला सुरुवात केली. नोंद बदलण्याआधी ती आधी कशी होती ते लिहून ठेवायचे. काम मध्येच मोडले तर सारे पूर्ववत करायचे. पूर्ण झाले असेल तर ते कायमचे. अर्धवट काहीच ठेवायचे नाही. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असे होता कामा नये. या विचाराला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत जिम ग्रे हे मोठे नाव. त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ एकट्याने नौका घेऊन गेलेले ग्रे परत आलेच नाहीत. आज किराणा दुकानात मोबाइलवरून पैसे पाठवल्यावर गोल चक्र फिरत राहते आणि दुकानदार व आपण दोघेही पडद्याकडे टक लावून बसतो, तेव्हा आपण त्याच जुन्या प्रश्नात उभे असतो. पैसे गेले, की फक्त उत्तर आले नाही?

इथवर ही गोष्ट शिस्तीची आणि न्यायाची वाटते. प्रत्येकाला पाळी, प्रत्येकाला खरे उत्तर. पण उत्तर कोणत्या क्रमाने द्यायचे हे ठरवणारा कोण? १९७६ मध्ये युनायटेड आणि अमेरिकन या विमान कंपन्यांनी आपापली टर्मिनल प्रवासी एजंटांच्या दुकानांत नेऊन बसवायला सुरुवात केली. एजंटाची सोय झाली. एकाच पडद्यावर सर्व कंपन्यांची विमाने. १९७८ मध्ये अमेरिकेत विमान वाहतुकीवरचे सरकारी निर्बंध उठले, कंपन्यांत चुरस वाढली, आणि त्या २४ ओळींच्या पडद्याला सोन्याचा भाव आला. घाईतला एजंट बहुधा पहिल्या पडद्यावरचे, त्यातही वरच्या ओळींतले विमान विकतो. मग पडद्याच्या मालकाने आपली विमाने वर ठेवली नाहीत तरच नवल. पंगतीत वाढपी ओळखीचा असला की कुठेही बसले तरी चालते, असे आपण म्हणतो. इथे तर वाढपीच घरचा होता. अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडॉल यांनी हे लपवलेही नाही. एवढा पैसा ओतून यंत्रणा उभारली ती अशाच फायद्यासाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

इतर कंपन्यांनी ओरड केली. अखेर १९८४ मध्ये अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक मंडळाने नियम केला की अशा पडद्यांवर विमानांचा क्रम कंपनीच्या नावावरून ठरवता येणार नाही. सेबर २००० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मूळ कंपनीपासून वेगळी झाली आणि २००४ मध्ये हे नियमही मागे घेतले गेले. पण प्रश्न संपला का? आज मोबाइलवर हॉटेल शोधताना, टॅक्सी मागवताना, वस्तू विकत घेताना जी यादी समोर येते, तिच्या वरच्या ओळी कोणी आणि का ठरवल्या, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण यंत्रयुगातही जुनी झालेली नाही.

आपल्या देशात ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली. परकीय चलन नियमन कायद्याने विदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितले. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा केंद्रात उद्योगमंत्री होते. आयबीएमने अट मान्य न करता १९७८ मध्ये भारतातला कारभार गुंडाळला. त्यांची इथली यंत्रे सांभाळायचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले. पुढे याच सीएमसीने रेल्वेसाठी आरक्षणाची प्रणाली रचली. १९८५ मध्ये नवी दिल्लीत तिचा प्रयोग सुरू झाला, १९८७ मध्ये मुंबईत ती आली. तिची व्हॅक्स यंत्रे मेनफ्रेमहून लहान, बांधणी वेगळी. पण प्रश्न तेच: एक नोंद, अनेक खिडक्या, आणि शेवटची जागा एकच.

मी तेव्हा कॉलेजात होतो. त्याआधीच्या रांगा मला चांगल्या आठवतात. खिडकीवर गाड्यांची नावे लिहिलेली असत. या गाडीची खिडकी ती, त्या गाडीची ही. तासभर उभे राहून पुढे गेल्यावर त्या गाडीचे रजिस्टर भरले असेल तर दुसऱ्या गाडीसाठी दुसऱ्या रांगेच्या शेपटाला. आत जाड रजिस्टर असे. ते कारकुनाला दिसे, आपल्याला दिसत नसे. संगणक आला आणि कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. हा बदल सोयीचा होताच, पण त्याहून मोठा होता. रजिस्टर एका माणसाच्या हातातून निघून सर्वांच्या मध्ये आले. खिडकीवर कोण उभा आहे, त्याचे नाव काय, त्याच्या अंगावर काय आहे, हे त्या क्रमाला माहीत नव्हते. ज्यांना आपल्या नावावरून आपली पाळी ठरेल अशी धास्ती कधी ना कधी वाटलेली असते, त्यांना या गोष्टीचे मोल विचारा. त्या यंत्राने भेदभाव संपवला असे मी म्हणणार नाही. पण प्रतीक्षा यादीत माझा क्रमांक अठरावा असेल, तर सतरा नंतर अठराच येणार, हा दिलासा लहान नव्हता.

रेल्वेच्याच 'क्रिस' या संस्थेने पुढे नवी प्रणाली बनवली आणि १९९९ च्या एप्रिलपर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. आता मुंबईच्या खिडकीवरून हावडा ते पाटणा असे तिकीट काढता येऊ लागले. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकिटे मिळू लागली आणि खिडकी घराघरांत, पुढे खिशात आली.

आणखी एक धागा आपल्या घराशी जुळतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सन २००० चा गाजलेला प्रश्न उभा राहिला. जुन्या कार्यक्रमांत वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेले होते, आणि ९९ नंतर ०० आले की यंत्रांचा गोंधळ उडेल, ही भीती. ते लाखो ओळी तपासणाऱ्यांत मुंबई-पुण्याची असंख्य मराठी मुलेमुली होती. आपल्या देशातून आयबीएम गेली त्या काळात जन्मलेल्या पोरांनी आयबीएमच्या यंत्रांवरच्या जुन्या वह्या दुरुस्त केल्या. त्यांतले पुष्कळ जण आजही सीआयसीएसवर काम करतात; कारण ती प्रणाली अजून जिवंत आहे. टर्मिनलचे जड डबे गेले, त्यांची जागा संगणकावरच्या एका चौकटीने घेतली, पोलिंगच्या जागी नवे जाळे आले. पण जगातल्या अनेक मोठ्या बँकांच्या पोटात आजही तोच क्रम चालतो: निरोप घ्या, पडताळा, नोंद पुन्हा वाचा, काम पुरे करा किंवा सारे पूर्ववत करा, उत्तर द्या, आणि जागा मोकळी करा.

अनेकांचे ऐकायचे तर कोणीतरी क्रम लावावा लागतो, हे या साठ-सत्तर वर्षांच्या इतिहासातून मला कळले. क्रम लावणारा निःपक्ष असेल तर पंधराशे टर्मिनलमधले शेवटचेही आपली पाळी येणार या भरवशावर शांत राहू शकते. तो पक्षपाती असेल तर यंत्र कितीही वेगवान असो, वरच्या ओळी विकल्या जातात आणि खालच्या कोणाला दिसतही नाहीत. यंत्राला पाळी पाळायला शिकवणे त्या अभियंत्यांना जमले. आपल्या रोजच्या पडद्यावरचा क्रम कोण लावतो हे विचारण्याचे काम मात्र यंत्राचे नाही. ते रांगेत उभ्या असलेल्यांचे आहे, आणि ते आपणच करायला हवे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)